कापूस, रूळ आणि शेवटच्या पानाची ओळ

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपातली एक ओळ असते. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे, कुठे छापले आणि कुठून प्रसिद्ध केले, हे सारे तिच्यात येते. 1867 च्या कायद्याने ती सक्तीची केली. वाचक तिच्याकडे पाहत नाही. माझ्या मते मात्र जिल्ह्याच्या गावात दैनिक कसे आले, याचा सर्वांत भरवशाचा पुरावा तीच आहे.

बुलडाणा जिल्ह्यात बातमीच्या आधी कापूस आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल दिले आणि 1870 साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा निघाला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. लिव्हरपूलचा भाव काय निघाला, हे कळण्यावर खामगावच्या अडत्याचा दिवस अवलंबून असे. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे थेट मुंबई-नागपूर लोहमार्गावर. घाटावरचे बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार मात्र रुळांवाचून राहिले. गाडीने उतरलेला गठ्ठा राजूर घाट चढून बुलडाण्याला यायचा, तोवर बातमी शिळी होई.

दैनिकाला लेखणी पुरत नाही, रात्रीची गाडी लागते. हे नीट समजते ते वऱ्हाडातल्याच यवतमाळच्या कहाणीतून. तेही कापसाचे गाव, मुख्य मार्गापासून आत. मूर्तिजापूरहून अरुंद रुळांची गाडी जायची. लोकनायक बापूजी अणे यांनी 1918 च्या सुमारास तिथे ‘लोकमत’ साप्ताहिक काढले. नाव लोकमान्य टिळकांनी सुचवले, असे सांगतात. 1930 च्या जुलैत, कायदेभंगाच्या चळवळीत, पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापून अणे तुरुंगात गेले. वृत्तपत्रांकडून जामीन मागणारा वटहुकूमही त्याच वर्षीचा. त्या चळवळीच्या धामधुमीत पत्र बंद पडले.

स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल दर्डा यांनी ते पुन्हा साप्ताहिक म्हणून सुरू केले. 1960 मध्ये ते अर्धसाप्ताहिक झाले. दैनिक झाले ते 15 डिसेंबर 1971 रोजी, पण नागपुरात. यवतमाळच्या पत्राला रोज निघण्यासाठी यवतमाळ सोडावे लागले, हा या इतिहासातला सर्वांत बोलका टप्पा मला वाटतो. 1977 मध्ये जळगावची आवृत्ती निघाली आणि मलकापूरसारख्या गावाला छपाईचे ठिकाण एकदम जवळ आले.

त्याआधी लांबच्या गावांच्या नशिबी डाक आवृत्ती असे. ती संध्याकाळीच छापून गाडीत चढवायची. रात्रीची घडामोड तिसऱ्या दिवशी वाचायची. गावातले साप्ताहिक तगून राहिले ते यामुळेच. ट्रेडल मशीन, लाकडी केसमध्ये खणाखणांत मांडलेले शिशाचे खिळे. कंपोझिटर उलटी अक्षरे एकेक वेचून स्टिकमध्ये ओळ जुळवी. काना, वेलांटी, जोडाक्षराचा खिळा निरनिराळ्या खणांत. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि जाहीर नोटिसा यांवर तो छापखाना चाले. बाजार समितीचे भाव आणि न्यायालयाच्या नोटिसा देणारे ते पान राजधानीतल्या अग्रलेखाइतकेच मोलाचे होते, असे मी ठामपणे म्हणेन. शेताची हद्द, विहिरीचा वाद, गावच्या शाळेचे उद्घाटन यांची नोंद आणखी कोण ठेवणार होते?

ऑफसेट आले, संगणक आला, जिल्ह्याची पाने वेगळी निघू लागली. शेवटच्या ओळीत छापल्याचे गाव एक आणि वाचणाऱ्याचे दुसरे, हे नित्याचे झाले. 1 मार्च 2024 पासून 1867 चा कायदाही गेला. जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढे जाऊन घोषणापत्र करण्याची प्रथा संपली, नोंदणी ऑनलाइन झाली.

जुनी पत्रे मात्र वृत्तपत्री कागदावरची. तो पिवळा पडतो, घडीवर तुटतो. खामगाव, चिखली, मेहकर, बुलडाण्यात ज्यांच्या माळ्यावर अशा फायली असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला द्या, आणि देण्याआधी शेवटच्या पानाच्या तळाचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.