क्रूझ प्रवास

क्रूझ प्रवास म्हणजे जहाजावरील मुक्काम आणि वाटेतील बंदरांच्या भेटी यांसाठी केलेला सागरी पर्यटनप्रवास होय. यात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचणे हा मुख्य हेतू नसतो. अनेक सफरी ज्या बंदरातून सुरू होतात, त्याच बंदरात संपतात. मोठ्या क्रूझ जहाजावर निवासी खोल्या, उपाहारगृहे, नाट्यगृह, जलतरण तलाव, दुकाने आणि दवाखाना असतो. त्यामुळे ते तरंगत्या हॉटेलासारखे भासते. तथापि कायद्याच्या दृष्टीने ते जहाजच असते. त्यावर ध्वजदेशाचा कायदा चालतो, कप्तानाचा आदेश अंतिम असतो आणि संकटकाळी बाहेरची मदत पोहोचण्यास वेळ लागतो. कागदपत्रे, प्रकृती, खर्च, वेळ आणि सुरक्षा यांबाबत प्रवाशांना पडणारे बहुतेक व्यावहारिक प्रश्न या दुहेरी स्वरूपातून निर्माण होतात.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास काही आगबोट कंपन्यांनी भूमध्य समुद्रात पर्यटकांसाठी सफरी सुरू केल्या. १८९१ मध्ये हांबुर्ग-अमेरिका कंपनीचे आल्बर्ट बालिन यांनी 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या सफरीवर पाठवले. उत्तर अटलांटिकवरील प्रवासी वाहतूक हिवाळ्यात मंदावत असल्याने रिकामे राहणारे जहाज उपयोगात आणणे हा त्यामागील हेतू होता. केवळ पर्यटनासाठी बांधलेले 'प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईस' हे जहाज याच कंपनीने १९०० मध्ये पाण्यात उतरवले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जेट विमानांमुळे महासागर ओलांडण्यासाठी जहाजाची निकड उरली नाही. त्यानंतर पर्यटन हाच प्रवासी जहाजांचा प्रमुख व्यवसाय झाला. २०२४ मध्ये सेवेत आलेले 'आयकॉन ऑफ द सीज' हे सुमारे ३६५ मीटर लांबीचे असून त्याची कमाल प्रवासीक्षमता ७,६०० आहे.

प्रवासाची कागदपत्रे

कोणती कागदपत्रे लागतील हे जहाज कोणकोणत्या देशांच्या बंदरांना भेट देते यावर ठरते. एखाद्या बंदरात प्रवासी खाली उतरणार नसला, तरी त्या देशाचा व्हिसा आवश्यक असू शकतो. जहाज एखाद्या देशातून निघून दुसऱ्या देशात जाते आणि पुन्हा पहिल्या देशात परतते, तेव्हा परतणे हा नवा प्रवेश मानला जातो. म्हणून फ्लोरिडातील मायामी बंदरातून कॅरिबियन सफरीस जाणाऱ्या भारतीय नागरिकाकडे अमेरिकेचा एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा असावा लागतो. शेंगेन क्षेत्रातून निघून त्याबाहेरील बंदरांना जाऊन परतणाऱ्या सफरींनाही हेच तत्त्व लागू पडते. कागदपत्रे अपुरी असल्यास प्रवाशाला जहाजावर चढू दिले जात नाही आणि अशा वेळी भाडे बहुधा परत मिळत नाही.

चढताना मोठे सामान धक्क्यावरच कर्मचाऱ्यांच्या स्वाधीन केले जाते. ते खोलीपर्यंत पोहोचण्यास काही तास लागतात. उतरण्याच्या आदल्या रात्री ते पुन्हा खोलीबाहेर ठेवावे लागते. त्यामुळे पारपत्र, नियमित औषधे, चष्मा आणि एक वेळचे कपडे हातातील पिशवीत ठेवण्याची पद्धत आहे. कपड्यांची इस्त्री, पाणी तापवण्याची कॉइल आणि मेणबत्त्या यांना आगीच्या भीतीमुळे बंदी असते. विद्युतदाबापासून संरक्षण देणाऱ्या विस्तारफळ्या जहाजाच्या वीजव्यवस्थेशी जुळत नाहीत आणि त्यांमुळे आग लागू शकते. म्हणून त्यांनाही बहुतेक जहाजांवर मनाई आहे.

खोली आणि खर्च

खोल्यांचे साधारणपणे चार प्रकार असतात: खिडकी नसलेली आतली खोली, समुद्राकडे खिडकी असलेली खोली, सज्जा असलेली खोली आणि अनेक दालनांची प्रशस्त खोली. जाहिरातीतील भाडे सामान्यतः दोघांनी एक खोली घेतल्यास प्रत्येकी किती पडते, अशा पद्धतीने दिलेले असते. त्यामुळे एकट्या प्रवाशाला अनेकदा जवळजवळ दोघांचे भाडे भरावे लागते.

भाड्यात निवास, मुख्य भोजनगृहातील जेवण आणि बहुतेक करमणुकीचे कार्यक्रम समाविष्ट असतात. मद्य, विशेष उपाहारगृहे, इंटरनेट, बंदरावरील सहली आणि वैद्यकीय उपचार यांचे पैसे बहुधा वेगळे द्यावे लागतात. अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांसाठीची बक्षिसी प्रतिदिन प्रतिव्यक्ती या हिशेबाने आपोआप खात्यात जमा धरतात. जहाजावर रोख रकमेचा वापर जवळजवळ होत नाही. प्रवाशाला दिलेले कार्ड हेच खोलीची किल्ली, ओळखपत्र आणि खरेदीचे साधन असते. खुल्या समुद्रात भ्रमणध्वनी जहाजावरील उपग्रहाधारित जाळ्याला जोडला जाऊ शकतो. त्याचे दर जमिनीवरील रोमिंगपेक्षा बरेच अधिक असतात. हा खर्च टाळण्यासाठी भ्रमणध्वनी विमान-स्थितीत ठेवला जातो.

बोट लागणे

जहाजाच्या हालचालीमुळे मळमळ, घाम, चक्कर आणि उलट्या होणे याला मराठीत 'बोट लागणे' असे म्हणतात. अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला हालचाल जाणवते, पण बंदिस्त खोलीतील दृश्य स्थिर दिसते. या दोन संवेदनांमधील विसंगतीतून हा त्रास उद्भवतो. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंस पंखांसारखे स्थिरक असतात. ते जहाजाचे दोन्ही कुशींवर डोलणे कमी करतात. पुढचे व मागचे टोक आळीपाळीने वरखाली होण्यावर मात्र त्यांचा फारसा परिणाम होत नाही.

झुलत्या फळीप्रमाणे जहाजाच्याही मध्यभागी हालचाल सर्वांत कमी आणि टोकांना सर्वांत अधिक असते. वरच्या मजल्यांवर डोलणे अधिक जाणवते. म्हणून त्रास होणाऱ्या प्रवाशांसाठी खालच्या मजल्यावरील मध्यभागाची खोली सोयीची ठरते. क्षितिजाकडे पाहणे, मोकळ्या हवेत जाणे आणि वाचन टाळणे यांनी आराम पडतो. यावरील औषधे त्रास सुरू होण्यापूर्वी घेतल्यास अधिक प्रभावी ठरतात. त्यांपैकी अनेकांमुळे झोप येत असल्याने, तसेच काचबिंदूसारख्या विकारांत काही औषधे वर्ज्य असल्याने, वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो.

आरोग्य आणि संसर्ग

हजारो माणसे काही दिवस एकाच ठिकाणी जेवत, वावरत असल्याने जहाजावर संसर्ग लवकर पसरतो. जहाजांवरील उलट्या-जुलाबांच्या साथींमध्ये नोरोव्हायरस हे सर्वांत वारंवार आढळणारे कारण आहे. संसर्गानंतर सामान्यतः १२ ते ४८ तासांत लक्षणे दिसतात आणि ती एक ते तीन दिवस टिकतात. अल्कोहोलयुक्त निर्जंतुकद्रव या विषाणूवर पुरेसे परिणामकारक नसते. साबण आणि पाण्याने हात धुणे हाच त्यावरील खात्रीचा उपाय मानला जातो. आजारी प्रवाशाला खोलीतच थांबण्यास सांगितले जाते. सहल वाया जाईल या भीतीने लक्षणे लपवणारा प्रवासी साथ पसरण्यास कारणीभूत ठरू शकतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने १९७० च्या दशकात जहाजांच्या स्वच्छतेची तपासणी करणारा कार्यक्रम सुरू केला.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज कोविड-१९ च्या साथीमुळे विलग ठेवण्यात आले. त्यावरील ३,७११ जणांपैकी सातशेहून अधिक जणांना संसर्ग झाल्याचे आढळले. आतल्या खोल्यांतील प्रवाशांना या काळात नैसर्गिक प्रकाशाविना दिवस काढावे लागले.

जहाजावरील दवाखान्यात डॉक्टर आणि परिचारिका असतात, परंतु मोठ्या शस्त्रक्रियेची सोय नसते. रुग्णाची स्थिती गंभीर असल्यास त्याला पुढील बंदरात उतरवले जाते, जहाजाचा मार्ग बदलला जातो किंवा किनारा आवाक्यात असल्यास हेलिकॉप्टर बोलावले जाते. याचा खर्च रुग्णावर पडू शकतो. त्यामुळे प्रवासविम्यात समुद्रावरून रुग्ण हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे का, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. प्रगत गर्भावस्थेतील महिलांना बहुतेक कंपन्या प्रवेश देत नाहीत. ही मर्यादा सामान्यतः २४ व्या आठवड्याची असते.

सुरक्षा सराव

१९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाले तेव्हा त्यावरील सुमारे २,२०० जणांसाठी असलेल्या जीवरक्षक नौकांत १,१७८ जणांपुरतीच जागा होती. या दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये सागरी जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तो 'सोलास' या नावाने ओळखला जातो. त्याची सध्याची आवृत्ती १९७४ ची असून ती १९८० पासून अमलात आहे.

नौका पुरेशा असल्या तरी कोठे जमावे आणि लाइफ जॅकेट कसे घालावे हे प्रवाशाला ठाऊक असणे तितकेच गरजेचे असते. यासाठी घेतला जाणारा सराव 'मस्टर ड्रिल' म्हणून ओळखला जातो. सात किंवा अधिक आखूड भोंगे आणि त्यानंतर एक लांब भोंगा हा सर्वसाधारण धोक्याचा इशारा आहे. तो ऐकताच प्रवाशांनी नेमून दिलेल्या ठिकाणी जमायचे असते. उद्वाहन वापरायचे नसते.

पूर्वी हा सराव प्रवासी चढल्यापासून २४ तासांच्या आत घेणे पुरेसे होते. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळले. त्यावर ४,२२९ माणसे होती. त्यांपैकी सुमारे सातशे प्रवासी त्याच संध्याकाळी चिव्हिताव्हेक्या बंदरात चढले होते. त्यांचा सराव दुसऱ्या दिवशी होणार होता. टक्कर झाल्यानंतर जहाज सोडण्याचा आदेश देण्यास तासाहून अधिक वेळ गेला. तोवर जहाज इतके कलले होते की काही जीवरक्षक नौका खाली सोडता आल्या नाहीत. या दुर्घटनेत ३२ जण मृत्युमुखी पडले. कप्तानाला पुढे १६ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

या घटनेनंतर सोलास करारात दुरुस्ती करण्यात आली. १ जानेवारी २०१५ पासून नव्या प्रवाशांचा सराव जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणे बंधनकारक झाले. २०२० नंतर अनेक कंपन्यांनी सूचना खोलीतील पडद्यावर किंवा भ्रमणध्वनीवर दाखवून प्रवाशाने स्वतः जमण्याच्या ठिकाणी जाऊन नोंद करावी, अशी पद्धत आणली. यामुळे गर्दी टळते, मात्र सूचना लक्षपूर्वक पाहण्याची जबाबदारी प्रवाशावर येते.

बंदरातील वेळ

जहाज सुटण्याच्या वेळेआधी, बहुधा किमान अर्धा तास, सर्वांनी परत येणे अपेक्षित असते. जहाजावरील घड्याळ आणि बंदरातील स्थानिक वेळ यांत कधी कधी फरक असतो. परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे सांगितली जाते, तर भ्रमणध्वनी आपोआप स्थानिक वेळ दाखवू शकतो. या घोटाळ्यामुळे प्रवासी मागे राहिल्याच्या घटना घडतात. कंपनीने आयोजित केलेल्या सहलीस उशीर झाल्यास जहाज सामान्यतः थांबते. स्वतंत्रपणे फिरणाऱ्यांसाठी ते थांबेलच असे नाही. मागे राहिलेल्या प्रवाशाला स्वखर्चाने पुढील बंदर गाठावे लागते.

धक्का उपलब्ध नसल्यास जहाज नांगर टाकून उभे राहते आणि प्रवाशांना लहान नौकांनी किनाऱ्यावर नेले जाते. समुद्र खवळलेला असल्यास बंदराची भेट रद्द होऊ शकते. मार्ग बदलण्याचा अधिकार तिकिटाच्या करारानुसार कंपनीकडे असतो. अशा वेळी बहुधा केवळ बंदरशुल्क परत मिळते.

ध्वज आणि कायदा

अनेक क्रूझ जहाजांची नोंदणी बहामास, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टा येथे झालेली असते. खुल्या समुद्रात जहाजावर प्रामुख्याने ध्वजदेशाचा कायदा लागू होतो. त्यामुळे गुन्हा घडल्यास तपास कोणी करायचा हा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. अमेरिकेने २०१० मध्ये क्रूझ जहाजांच्या सुरक्षेसंबंधी कायदा करून ठरावीक गुन्ह्यांची माहिती तपासयंत्रणेला देणे बंधनकारक केले. त्याच कायद्याने कठड्यांची उंची किमान ४२ इंच असावी आणि खोल्यांच्या दारांना बाहेरचे पाहण्याची सोय असावी, असेही ठरवले. नुकसानभरपाईच्या दाव्याची मुदत आणि दावा कोणत्या न्यायालयात करायचा, हे तिकिटाच्या करारात नमूद केलेले असते.

भारतातील स्थिती

विसाव्या शतकात बराच काळ मुंबईहून कोकणातील बंदरे आणि गोव्याकडे प्रवासी आगबोटी जात. त्या पर्यटनासाठी नसून दळणवळणासाठी होत्या. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही बोट वादळी हवामानात बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवासी मरण पावले. किनारा फार दूर नसतानाही झालेली ही प्राणहानी भारतातील सागरी प्रवासाच्या इतिहासातील मोठ्या दुर्घटनांपैकी एक आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेस या कंपनीने 'एम्प्रेस' या जहाजाद्वारे मुंबईहून गोवा, लक्षद्वीप आदी ठिकाणी सफरी सुरू केल्या. १९९० मध्ये बांधलेले हे जहाज पूर्वी परदेशी कंपनीच्या सेवेत होते. भारतीय प्रवाशांसाठी अशा सफरींत शाकाहारी आणि जैन भोजनाची सोय असते. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरील समुद्र खवळलेला असल्याने मुंबईतील हंगाम मुख्यतः पावसाळ्यानंतरचा असतो. गोव्यात जहाज मुरगाव बंदरात लागते. तेथून पणजी रस्त्याने सुमारे ३० किलोमीटरवर असल्याने किनाऱ्यावरील वेळेचा हिशेब करताना जाण्यायेण्याचा अवधी धरावा लागतो.

जगभरातील क्रूझ जहाजांवर फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारत येथील कर्मचाऱ्यांची संख्या मोठी आहे. गोव्यात जहाजावर नोकरी करण्याची परंपरा जुनी असून अशा व्यक्तीस तेथे 'तारवटी' म्हणतात. प्रवाशाला जेवण वाढणाऱ्या किंवा खोली आवरणाऱ्या कर्मचाऱ्यालाही संकटकाळासाठी एक काम नेमून दिलेले असते. धोक्याचा भोंगा वाजताच तो जमण्याच्या ठिकाणी प्रवाशांची मोजणी करतो, जिन्यांवर वाट दाखवतो किंवा जीवरक्षक नौकेवर आपल्या जागी हजर होतो.