शेवटची जागा कोणाची?

जबलपूर-कटनी लोहमार्गावरील सिहोरा रोडचा एक प्रवासी व मुंबईचा दुसरा, असे दोघे एकाच गाडीतील शेवटची जागा एकाच क्षणी मागतात, असे समजा. सर्व्हर प्रत्येक मागणीसाठी कामाचा निराळा धागा, म्हणजे ‘थ्रेड’, चालवितो. दोन्ही धागे ‘१ शिल्लक’ असे वाचतात, दोन्ही ‘०’ लिहितात. एक जागा दोघांना विकली जाते आणि हिशेब मात्र बिनचूक दिसतो! यास्तव आकडा वाचण्यापासून नवा लिहीपर्यंतचे सारे काम कुलूपबंद करावे लागते. नुसते लिहिणे कुलूपबंद करून भागत नाही. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये अशा पहाऱ्याचे वर्णन करताना ‘सेमाफोर’ हे रेल्वे-सिग्नलचेच नाव योजिले. कुलूप मात्र त्या गाडीपुरतेच असावे. सर्व गाड्यांना एकच घातल्यास साऱ्या देशाची रांग खोळंबेल.