उभा माऊस आणि मनगट

तळहात मेजावर पालथा ठेवा. कोपरापासून मनगटापर्यंतचीं दोन हाडें आतां एकमेकांवर तिरपीं आलीं आहेत. संगणकाचा नेहमींचा माऊस धरणारा हात तासन् तास असाच राहतो. उभ्या माऊसची युक्ति एवढीच, कीं हस्तांदोलनास पुढें केल्याप्रमाणें हात कडेवर टेकतो व हाडांचा पीळ बराचसा सुटतो. मुलें लिहितांना हात असाच करंगळीच्या कडेवर टेकवितात.

परंतु मुंग्यांचें काय? मनगटांतील अरुंद बोगद्यांतून नऊ कंडरा व एक मज्जातंतु जातो. तो दाबला गेला म्हणजे अंगठा व शेजारचीं बोटें बधिर होतात. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत अशा २१ रोग्यांच्या बोगद्यांतील दाब प्रत्यक्ष मोजला. उभ्या माऊसनें मनगटाची ठेवण बदलली. दाब मात्र उतरला नाहीं. दुकानदार हें सांगत नाहींत!

तेव्हां मुंग्यांनीं रात्रीं झोपमोड होत असेल, तर डॉक्टरांकडे जावें. नुसता हात अवघडत असेल, तर उभा माऊस अवश्य वापरून पाहावा. मात्र तो आपल्या पंजाच्या मापाचा घ्यावा आणि कोपर अंगालगत राहील इतका जवळ ठेवावा.