राउटरच्या जागी टॉर्च

उज्जैनला २०२८ मध्ये सिंहस्थ भरणार; म्हणजे कठडे, फाटकं, जाळ्यांच्या कामाला तोटा नाही. घरी जुळवलेल्या सीएनसी टेबलावरचा राउटर उतरवून प्लाझ्मा टॉर्च चढवायचा मोह अशा वेळी होणारच.

कापते ती २०,००० अंश सेल्सिअसच्या आसपासची वायूची धार. तंत्र १९५०च्या दशकातलं, युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट गेज यांचं.

खरी गोम उंचीत आहे. पत्रा तापून वाकतो, टॉर्च मात्र सरळ रेषेत धावते. अंतर वाढलं की आर्कचं व्होल्टेजही वाढतं; ते मोजून टॉर्च वर-खाली करणारा कंट्रोलर हवाच.

हाय-फ्रिक्वेन्सी स्टार्टचं स्वस्त मशीन शक्यतो टाळलेलंच बरं, त्याच्या विद्युत लहरींनी कंट्रोलर मध्येच भरकटतो. आणि पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी गाळलं नाही, तर नोझल बघता बघता झिजतं.