ब्रिटनचे स्थळ आले? निकाह कुठे होणार ते आधी ठरवा

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतल्या आपल्या घरांत ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मुलाचे स्थळ येणे नवे नाही. कोकणातल्या बऱ्याच कुटुंबांचे नातेवाईक तिकडे आहेत. मुलाची नोकरी, घराणे, मेहर यांची चौकशी नीट होते. पण निकाह मुंबईत की तिकडे, हे मात्र हॉल आणि पाहुण्यांच्या हिशेबाने ठरते. मुलीचे कायदेशीर हक्क मात्र याच प्रश्नावर अवलंबून आहेत.

भारतात शरियतनुसार झालेला निकाह हे कायदेशीर लग्न असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये तसे नाही. तिथे १९४९ चा मॅरेज अॅक्ट आहे. हॉलमध्ये किंवा घरी काझी साहेबांनी निकाह पढवला, इजाब-कबूल झाले, साक्षीदार हजर होते, तरी तेवढ्याने सरकार-दरबारी लग्न होत नाही.

‘अख्तर विरुद्ध खान’ प्रकरणात हेच समोर आले. १९९८ मध्ये लंडनमध्ये निकाह झाला, नंतर चार मुले झाली. सरकारी विवाह मात्र कधीच झाला नाही. पत्नी घटस्फोटासाठी कोर्टात गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितले की कायद्याच्या नजरेत हा विवाहच नव्हता. अशा वेळी घटस्फोटित पत्नीला मालमत्ता आणि खर्चासाठी मिळणारे हक्क मागता येत नाहीत.

तिकडे लग्न करायचे असेल तर काय लागते?

- दोघांचे वय किमान १८. फेब्रुवारी २०२३ पासून पालकांच्या संमतीनेही त्याआधी लग्न होत नाही.
- योग्य व्हिसा. साध्या टुरिस्ट व्हिसावर लग्न करता येत नाही. लग्न करून परत यायचे असेल तर मॅरेज व्हिजिटर व्हिसा, तिथेच राहायचे असेल तर फियान्से व्हिसा.
- रजिस्टर ऑफिसमध्ये दोघांनी स्वतः जाऊन नोटीस देणे. त्याआधी किमान सात दिवस तिथे राहिलेले असावे लागते.
- नोटिशीनंतर २८ दिवस थांबणे. परदेशी नागरिक असल्यास ही मुदत ७० दिवसांपर्यंत वाढू शकते.
- लग्न रजिस्टर ऑफिसमध्ये किंवा विवाहासाठी नोंदणी असलेल्या जागी. काही मशिदींची अशी नोंदणी आहे, सगळ्यांची नाही. त्यामुळे आधी विचारून घ्या.

स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

निकाह मुंबईत झाला तर बाजू भक्कम राहते. जिथे लग्न झाले तिथल्या कायद्याने ते वैध असेल, तर इंग्लंडमध्येही साधारणपणे ते मानले जाते. मात्र फक्त निकाहनाम्यावर थांबू नका. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार ९० दिवसांत विवाह नोंदणी करायची असते, त्यानंतर दंड लागतो. अंधेरीकरांसाठी के/पूर्व किंवा के/पश्चिम, घाटकोपरला एन, मुलुंडला टी, बोरिवलीला आर/मध्य वॉर्ड ऑफिस आहे. निकाहनामा, वयाचा व पत्त्याचा पुरावा, फोटो आणि तीन साक्षीदार लागतात. नवरा-बायको दोघांनाही हजर राहावे लागते. म्हणून मुलाची सुट्टी संपण्याआधी तारीख घ्या. निकाहनामा उर्दूत असेल तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून ठेवा.

आणखी एक गोष्ट. इथे निकाह झाला आणि रुखसती बाकी असली, तरी मुलगी कायद्याने विवाहित आहे. अशा मुलीसाठी फियान्से नव्हे, स्पाउस व्हिसाचा अर्ज करायचा. फॉर्ममध्ये अविवाहित लिहिले तर ती खोटी माहिती ठरते आणि पुढे अडचण येते.

निकाह तिकडेच करायचे ठरले असेल, तर मंगनीच्या बैठकीतच विचारा: रजिस्टर ऑफिसचे लग्न कोणत्या तारखेला? ‘नंतर बघू’ असे उत्तर आले तर तारीख पक्की होईपर्यंत निकाह थांबवा. सरकारी लग्न आधी किंवा त्याच दिवशी झाले तर शरियत आणि कायदा दोन्हीची बाजू पूर्ण होते. हे विचारण्यात मुलाकडच्यांवर अविश्वास नाही. मेहर लिहून घेतो तसेच हेही लिहून-ठरवून घ्यायचे.