आधी पंखा बंद करा

आमच्या कपाटात १९९८ सालची एक कॅसेट आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला आमची आजी नागपूरला दीक्षेला गेली होती. ती हकीकत आणि तिच्या जात्यावरच्या ओव्या टिपून ठेवाव्यात म्हणून आम्ही शेजारचा टेपरेकॉर्डर मागून आणला, पाच-सहा फुटांवर टेबलावर ठेवला आणि बटण दाबले. आज ऐकताना पंख्याची घरघर स्वच्छ येते, आजी मात्र विहिरीतून बोलल्यासारखी वाटते. आजी २००१ साली गेली.

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगावच्या बायांच्या हजारो ओव्या जमवल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्याही आहेत. पण प्रत्येक वस्तीत कोण पोचणार? आपल्या घरातले आपणच टिपले पाहिजे. त्याला हातातला मोबाईल पुरतो.

सगळी मेख अंतरात आहे. अंतर दुप्पट झाले की माईकपर्यंत पोचणारी आवाजाची शक्ती चौथ्या हिश्श्यावर येते, पंख्याची घरघर मात्र तेवढीच राहते. मोबाईलचा माईक बहुधा खालच्या कडेला असतो. ती कड बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर ठेवावी, पण किंचित बाजूला. अगदी समोर धरली तर 'भीम' म्हणताना हवा माईकवर आदळून भप्प असा आवाज येतो. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, तिथे दोरीवर दोन-तीन गोधड्या टाकाव्यात. मोबाईल फ्लाइट मोडवर ठेवावा, नाहीतर ऐन रंगात कुणाचा तरी फोन येतो.

आधी एक मिनिट टिपून कानाला इअरफोन लावून ऐकावे. आवाज बारीक आला तर पुढे वाढवता येतो, फाटला तर फाटलाच. गाण्याला ढोलकी असेल तर ढोलकीवाल्याला मागे बसवावे, रुसला तरी चालेल! आणि आजी बोलत असताना आपण 'हं, हं' करू नये, नुसती मान हलवावी.

जमल्यास 'वेव्ह' प्रकारात टिपावे. एका माईकच्या तासाभराच्या आवाजाला साधारण ३०० एमबी जागा लागते. त्याच दिवशी पेनड्राइव्हवर एक आणि दुसऱ्या घरी एक अशा दोन प्रती कराव्यात.

आमची कॅसेट आम्ही गेल्या महिन्यात संगणकावर उतरवून घेतली. घरघर थोडी कमी झाली, पण शेवटच्या दोन ओव्या काही केल्या कळत नाहीत. त्या आत्याबाईंना येतात. आत्याबाई ऐंशीच्या पुढे आहेत. येत्या रविवारी दुपारी, पंखा बंद करून, आम्ही त्यांच्याजवळ बसणार आहोत.