कात्री लागण्याआधी

बोन्सायच्या डेमोत स्टेजवर येणाऱ्या झाडाचा निकाल बहुतेक वेळा आदल्या दिवशीच लागलेला असतो. प्रेक्षकांना दिसते ती कापाकापी. कुंड्या वाहणाऱ्या आमच्यासारख्यांना दिसतो तो घोळ.

पुण्यातल्या एका डेमोसाठी नर्सरीतून फायकसचं कोवळं रोप आणलं होतं. समोरून भरगच्च, म्हणून आम्ही खूश. डेमो करणारे आमचे सर मात्र कात्री बाजूला ठेवून काडीने माती उकरत बसले. "आधी याचे पाय बघू." वरची इंचभर माती निघाली तशी एका बाजूला छान फाकलेली मुळं दिसली, दुसरीकडे एक मूळ खोडालाच वेढा घालून बसलेलं. झालं, दर्शनी बाजू मुळांनी ठरवली. आम्ही भाळलो होतो तो भरगच्च भाग पाठीमागे गेला.

मग कुंडी फिरत्या पाटावर आली. एकाच उंचीवर समोरासमोर दोन फांद्या होत्या. त्यातली एक जाणार हे नक्की. सरांनी ओला नॅपकिन आधी एकीवर टाकला, मग दुसरीवर, आणि चहाला निघून गेले. परत आल्यावर लांबूनच पाहिलं आणि वळणाच्या आतल्या अंगाची फांदी उडवली. पांढरा चीक टपकला, तो त्याच नॅपकिनने टिपला.

खाली एक ओबडधोबड, लांबलचक फांदी होती. ती काढा, असं आमचं एकमत. सरांनी तिला हात लावू दिला नाही. तिच्या पानांच्या जोरावर बुंधा जाड होतो. काम झालं की ती जाणार. दुसऱ्या दिवशी प्रेक्षकांत कुजबुज झालीच, की ही कापायची राहिली वाटतं!

टाळ्यांसाठी एका बैठकीत झाड 'पूर्ण' करणारेही असतात. फायकस ते निमूट सोसतं, पण ज्युनिपरच्या फांदीवरची सगळी हिरवाई काढली, तर ती फांदी बहुधा गेलीच म्हणायची. मला तो प्रकार झाडापेक्षा प्रेक्षकांनाच आकार देण्याचा वाटतो.

अमेरिकेतले बोन्सायकार जॉन नाका यांचं 'गोशिन' हे बोन्साय पाहा. त्यातल्या पहिल्या ज्युनिपरवर काम सुरू झालं 1948 मध्ये. पुढे त्याचं वन झालं, नातवंडं वाढली तशी झाडं वाढली आणि आकडा अकरावर गेला. 1984 मध्ये त्यांनी ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानासाठी देऊन टाकलं. अकरा झाडांचा आराखडा पहिल्या दिवशी कुठून असणार?

आमच्या फायकसच्या फांद्यांना वळण द्यायला गुंडाळलेली तार श्रावणातच सोडवावी लागली. पावसात फांद्या फुगतात आणि तार सालीत रुतते. खालची फांदी अजून तशीच आहे. बागेत येणारा प्रत्येक जण तिच्याकडे बोट दाखवून विचारतो, "ही राहिली का?"